तालमीची माती

सिमेंटचा मिक्सर दारात घरघरत होता आणि हिंदुराव वस्ताद तालमीच्या हौद्यात, लाल मातीत ठाण मांडून बसले होते. नगरपालिका या जुन्या दगडी तालमीचं कलाकेंद्र करणार होती. हौद्यावर रंगमंच यायचा होता.

"बाई, नाच-गाणी खुशाल करा, पण हिच्यावर सिमेंट ओतू नका. पिढ्यांचं तूप-ताक मुरलंय हो या मातीत!" एकेकाळी भल्याभल्यांना लोळवणारा गडी इंजिनिअरबाईंपुढे हात जोडून रडत होता.

बाईंनी मुकादमाला खूण केली. "यांना बाहेर काढा."

मुकादम म्हणजे सर्जेराव, वस्तादांचाच पठ्ठ्या. हौद्याच्या काठावर त्यानं बूट काढले, चिमूटभर माती कपाळाला लावली. ते पाहून वस्तादांचा जीव भांड्यात पडला. हा कसला हौदा बुजवतोय! ते हरखून उभे राहिले.

"माफ करा, वस्ताद." सर्जेरावानं एक हात त्यांच्या दंडाला घातला, दुसरा मांडीत, आणि क्षणात त्यांना खांद्यावर आडवं घेतलं. कलाजंग! याच मातीत त्यांनीच शिकवलेला डाव, तसूभरही चूक नाही.

दाराबाहेर जाता जाता वस्तादांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "शाब्बास!"