बापाच्या होडीचा नांगर

वाटणीत बापाच्या होडीचा नांगर थोरल्याने पटकावला, म्हणून धाकटा नऊ वर्षं त्याच्याशी बोलत नव्हता. आज थोरला लेकीसह पर्यटकांना घेऊन प्रवाळांपाशी पोचला, तर होड्या बांधायच्या एकुलत्या तरंगत्या पिंपाला धाकट्याची होडी आधीच बांधलेली. थोरल्याने नांगर उचलला. “बाबा, खाली बघा,” लेक म्हणाली. नितळ पाण्यात, जांभळ्या प्रवाळांच्या मधोमध, खाटेएवढा पांढरा चुरा पडला होता. मागच्या खेपेची याच नांगराची करणी. “मग होडी काय हवेत टांगू?” “काकाच्या होडीला बांधा की.” माघारी फिरावं, तर पर्यटक खवळणार, हाक मारावी, तर नाक कापलं जाणार. शेवटी नांगर होडीतच ठेवून त्याने मुकाट दोर भिरकावला. धाकट्याने तो झेलून दुहेरी गाठ मारली. “नांगर हवाय का रे तुला?” थोरला पुटपुटला. “आता? त्यावर काय चड्ड्या वाळत घालू, दादा?”