न थकणारा माणूस

"दहा बोटं घेऊन कसे जाणार तुम्ही, भाऊजी?" वहिनीनं विचारलं.

धाकट्यानं दोन्ही हात पुढे धरून पाहिले. दहाची दहा बोटं धडधाकट. घरावर एवढं संकट याआधी आलं नव्हतं.

काल मासे कापायच्या मशीननं दादाची डावी करंगळी अर्धी नेली होती. दादा कोपऱ्यात तापानं फणफणत होता. या परक्या मुलखात कामाचा परवाना घरात एकच, दादाच्या नावाचा. सुट्टी नाही, आणि खाडा केला की परवाना रद्द. कारखान्याच्या त्या गारठ्यात रोज उभा राहणारा वर्षभरात आडवा होतो, म्हणून दोघं भाऊ त्याच परवान्यावर आळीपाळीनं दिवसाआड जायचे. टोपी, मास्क, चष्मा. मधून दिसेल तेवढाच माणूस. बूट दादाच्या मापाचे, त्यामुळे धाकट्याच्या पायाची बोटं कायमची निळी.

कारखान्याला वाटे, हा गडी थकतच नाही. मागे त्याला 'सर्वांत तंदुरुस्त कामगार' म्हणून कप मिळाला. तो कप नक्की कुणाचा, यावर भाऊ आठवडाभर भांडले. हल्ली वहिनी त्यात चमचे ठेवते.

"चिंधी बांधून जातो," धाकटा म्हणाला.

"बांधा. पण मला दाखवू नका. रक्त बघितलं की घेरी येते मला."

"अहो वहिनी, रक्त नाही हीच तर पंचाईत आहे!"

दादा तापातही हसला. मग म्हणाला, "चिंधी किती दिवस पुरेल रे? दारावर हात उघडे करून धुवून घेतात."

यावर कुणी हसलं नाही.

कारखान्याच्या दारावर मुकादम उभा होता. तोही यांच्यासारखाच बाहेरून आलेला, याच मशीनवर उभा राहून वर चढलेला. माणूस मोठा लहरी. दोन दिवस साखर, तीन दिवस मिरची. त्याचीही डावी करंगळी अर्धीच. मिरचीच्या दिवशी ती सगळ्यांच्या नाकासमोर नाचवून सांगायचा, "मला खाल्लं या मशीननं, तरी दुसऱ्या दिवशी कामावर हजर!" साखरेच्या दिवशी हात खिशातून काढायचा नाही.

आज हात खिशात होता. धाकट्याला जरा हायसं वाटलं.

"बायको कशी आहे? घाबरली असेल."

"बरी आहे साहेब," धाकटा म्हणाला. त्याचं अजून लग्न व्हायचं होतं.

"हात धुवायचा राहू दे आज. जखम ओली असेल."

दिवसभर धाकट्यानं ती करंगळी जपत जपत काम केलं. मधूनच कण्हलाही. सुटायच्या वेळी मुकादमानं त्याला बर्फाच्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"सोड चिंधी."

"साहेब, जखम..."

मुकादमानं स्वतःच ती सोडली. पदरामागून मूल डोकावावं तशी आतून करंगळी बाहेर आली. अख्खी, नखासकट.

धाकट्यानं हात जोडले. "साहेब, पाया पडतो. घरात लहान पोर आहे दादाचं..."

मुकादम ओरडला नाही. त्यानं खिशातून हात काढला आणि आपली अर्धी करंगळी धाकट्याच्या करंगळीशेजारी धरली.

"माझ्या भावाची मशीननं खाल्ली," तो हळूच म्हणाला. "माझी आमच्या वहिनीनं कापली. तुझी वहिनी धीट आहे का?"