कोरे डास

“का हो, घरात डास कमी पडले म्हणून ऑफिसातून आणलेत?” तापाने फणफणलेली प्रेमा तशातही नवऱ्यावर डाफरली.

“घरच्यांचा भरवसा नाही. हे कोरे आहेत,” विठोजी म्हणाला. “स्वल्प, जरासा हात दे.”

जाळी बांधलेला कागदी पेला त्याने तिच्या दंडावर उपडा धरला. आत दहा माद्या होत्या. ऑफिसातच अंड्यांपासून वाढवलेल्या, जन्मात कुणाला न चावलेल्या. बघता बघता त्यांची पोटं लालभडक झाली.

विठोजीचा हुद्दा इन्सेक्ट कलेक्टर. येलहंक्याची गल्ली त्याला चेष्टेने कलेक्टरसाहेब म्हणायची. बावीस वर्षं तो बंगळूरभर डास धरत होता, आणि त्यांच्यात डेंग्यू आहे का ते त्याचं ऑफिस बघत होतं. यंदा, म्हणजे अठ्ठ्याण्णव साली, त्यासाठी नवं मशीनही आलं होतं. सकाळी डास घाला, संध्याकाळी निकाल घ्या.

आणि इथे बायकोच्या हिरड्यांतून रक्त येत होतं! आदल्या दिवशी इस्पितळात म्हणाले होते, “कसला डेंग्यू? साधा ताप आहे. पुरावा आणा, मग खाट देऊ.” विठोजी धावत ऑफिसातल्या डॉ. पद्मनाभसाहेबांकडे गेला. एक थेंब रक्त तपासा, म्हणून त्याने हात जोडले.

“माणसाचं रक्त नियमात बसत नाही, विठोजी. इथे फक्त डास.”

सरी! बरं, डास तर डास, विठोजीने ठरवलं.

प्रेमाचं रक्त प्यालेल्या त्या दहा माद्या त्याने सकाळी मशीनमध्ये घातल्या. संध्याकाळी निकाल आला. दहाच्या दहा डासांत डेंग्यू. विठोजीने तो कागद इस्पितळात नेला आणि सगळं खरं सांगून टाकलं. डॉक्टर आधी हसले, मग त्यांनी कागद पुन्हा वाचला. प्रेमाला खाट मिळाली, सलाईन लागलं. आठवड्याने ती घरी आली ती स्वयंपाकघराच्या अवतारावरून बोलतच.

दुसऱ्याच दिवशी साहेबांनी बोलावलं.

“पिंजऱ्यातले दहा डास तुम्ही घरी नेलेत?”

विठोजीने मान खाली घातली. नोकरी गेली म्हणायची. जाऊ दे, बायको तर वाचली!

साहेब उठले. त्यांनी केबिनचं दार लावून घेतलं.

“माझ्या लेकीला, मुग्धाला, परवापासून ताप आहे हो,” ते हळूच म्हणाले. “अजून दहा मिळतील?”