तिसरा अर्थ

"ताई, प्रायश्चित म्हंजे नेमकं काय वं?"

दारात चपला काढता काढताच वीरेंद्रनं विचारलं. त्याची बहीण निता कारंज्याच्या शाळेत संस्कृत शिकवायची. भाऊ गावाहून, धनजहून, येतोय म्हणजे बैलाचंच बोलणार, हे तिला ठाऊक होतं. शब्दाचा अर्थ विचारील असं मात्र वाटलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात त्याच्या हातून विपरीत घडलं होतं. सोयाबीनची पोती भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली मागे घेताना कडुलिंबाखाली बांधलेला गावातल्या दौलतसिंगचा बैल तिच्या तडाख्यात सापडला. कंबर मोडली. डॉक्टर येईस्तोवर बैल गेला. त्या वेळी आपण मोबाइलवर बोलत होतो, हे वीरेंद्रनं पोलिसांपासून लपवलं नाही. घरच्यांनी भरपाईही लगोलग पोचती केली. तरी दौलतसिंग त्याच्याशी बोलत नव्हता. वाटेत दिसला की मान फिरवायचा.

"आई म्हन्ते, महाराजानं सांगतलं तसं प्रायश्चित घे. केस उतर, नदीवर आंघोळ कर, गावाले जेवू घाल. घेतो मी. पन घ्याच्या आधी ते हाय काय, हे त माहीत पायजे. बियानं घेताना आपन थैली फिरवून पायतो ना?"

निताला हसू आलं, पण ते ओठांवरच थांबलं. हा शब्द तिनं कितीदा फळ्यावर लिहिला होता. शेवटी त ला त जोडा, एवढं बजावून दर वेळी पुढे गेली होती. ती उठली, कपाटातले जाडजूड ग्रंथ काढले आणि खाली सतरंजीवरच बसली. वीरेंद्रही शेजारी टेकला.

"हे पाय. प्राय म्हंजे तप, चित्त म्हंजे निश्चय. तप करीन असं मनाशी पक्कं ठरवनं."

"म्हंजे उपास-तापास."

"तो एक अर्थ. दुसरे म्हन्तात, प्राय म्हंजे पाप अन् चित्त म्हंजे त्याची शुद्धी."

"म्हंजे आंघोळ." वीरेंद्र पानाकडे बघत राहिला. त्यातलं एक अक्षर त्याला लागत नव्हतं. "पन ताई, दोन्हीत मीच हावो. मीच उपाशी राहाचं, मीच अंग धुवाचं. दौलतसिंगकाका कुठी हाय याच्यात?"

नितानं दुसरा ग्रंथ ओढला, मग तिसरा. एका ओळीवर तिचं बोट थांबलं. ती ओळ तिनं दोनदा वाचली.

"थांब. इथं आनखी एक हाय. मी हे कधी वाचलंच नोतं. प्राय म्हंजे लोक. चित्त म्हंजे त्यायचं मन. ज्या कामानं लोकायचं मन आपल्याकडे वळते, ते प्रायश्चित्त."

"मंग खरा अर्थ कोनता?"

"जुन्या लोकायचंच एकमत झालं नाही. ज्यानं त्यानं आपल्या परीनं शब्द फोडला."

वीरेंद्रनं थोडा विचार केला. "लोक म्हंजे समदं गाव, का ज्याचं गेलं तो?"

"हे नाही लिहिलं बाप्पा," निता म्हणाली.

ती चहा टाकायला उठेपर्यंत त्यानं चपला घातल्या होत्या.

दुपार कलली तेव्हा तो दौलतसिंगच्या गोठ्यापुढे उभा होता. दौलतसिंग बाजेवर बसला होता. त्याची बायको कमलीबाई उंबऱ्यात सोयाबीन पाखडत होती. आत जोडीतला उरलेला बैल आपल्याच बाजूला अंग चोरून उभा होता. पुढ्यातल्या वैरणीला त्यानं तोंड लावलं नव्हतं.

"काका, मी माफी मांगाले नाही आलो. ते मांगून झालं."

"मंग कायले आला?" दौलतसिंगनं मान न वळवता विचारलं.

"इचाराले. काय केलं म्हंजे तुमच्या मनाले बरं वाटीन?"

या आठवड्यात लोकांनी दौलतसिंगला पुष्कळ विचारलं होतं. बैल किती दाती होता, विमा होता का, आता पेरणीचं कसं करणार. हे कुणी विचारलं नव्हतं. त्यानं पहिल्यांदा वीरेंद्रकडे नीट पाहिलं आणि खरोखरच विचार करू लागला. कमलीबाईच्या हातातलं सूप थांबलं.

"पोलीस आले, डॉक्टर आला, तुह्या घरचे आले," तो सावकाश म्हणाला. "समदे बैल, बैल म्हनून राह्यले. त्याले नाव होतं. कोनी नाव नाही इचारलं."

"काय नाव होतं, काका?"

दौलतसिंग गोठ्याकडे पाहू लागला. मग उंबऱ्यातून कमलीबाईच म्हणाली, "पाखऱ्या."

गोठ्यातल्या बैलानं कान टवकारले आणि मान वळवून शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

दौलतसिंग बाजेवर थोडा सरकला.

"बस," तो म्हणाला. "त्याची गोष्ट लंबी हाय."