पेनांगची बस

“खासगी गाडीसाठी जहाज थांबत नाही, कुमुद. किती वेळा सांगू?” श्रीरंगरावांनी चष्मा कपाळावर चढवला. “जहाजाच्या बसला उशीर झाला तर ते थांबतं. आपण आपल्या गाडीनं गेलो आणि टायर पंक्चर झाला, तर बंदरावर उभं राहून टाटा करायचं.”

“शेजारची वृंदा गेली होती की गाडी करून. आली परत.”

“वृंदाचं वृंदा जाणे.”

कुमुदनं पोळी तव्यावर जरा जोरातच टाकली. लक्ष्मीबाई नगरातल्या कर्णिकांच्या सरकारी क्वार्टरमध्ये आठवडाभर हेच चाललं होतं. श्रीरंगराव निवृत्तीला आले होते आणि जन्मात पहिल्यांदाच त्यांनी आपणहून सहल ठरवली होती. सिंगापूरहून निघणारं जहाज, वाटेत पेनांग आणि फुकेत. पेनांगला जहाज सकाळी लागणार, संध्याकाळी सुटणार. मधल्या वेळात गाव बघायचं ते जहाजाच्या बसनं की स्वतः ठरवलेल्या गाडीनं, एवढाच काय तो वाद.

कुमुदसाठी मात्र तो एवढाच नव्हता. पेनांगला गुणवंत राहत होता.

त्यांचा एकुलता एक मुलगा. नोकरीसाठी म्हणून तिकडे गेला, तिथल्याच मुलीशी लग्न केलं आणि घरी कळवलं ते लग्न झाल्यावर. श्रीरंगराव तेव्हा ओरडले नाहीत. “माझ्यापुरता विषय संपला,” एवढंच म्हणाले आणि खरंच संपवला. त्यानंतर या घरात गुणवंतचं नाव निघालं नाही. त्याला मुलगी झाली, तेसुद्धा कुमुदनं सरोजिनी नगरच्या बाजारात कपड्यांच्या ढिगाशेजारी उभं राहून फोनवर ऐकलं. घरी येऊन तिनं शिरा केला. “आज काय विशेष?” असं यांनी विचारलं, तर म्हणाली, “रवा संपवायचा होता.”

जहाज पेनांगला थांबतं हे कळलं तेव्हा तिला देव पावल्यासारखं झालं. यांच्या ते लक्षातही आलेलं दिसत नव्हतं. गाडी असती, तर ‘तुम्ही देऊळ बघा, मी जरा बाजारात जाऊन येते’ असं म्हणून तासभर सटकता आलं असतं. नातीला एकदा मांडीवर घेता आलं असतं. बसमधून कसलं सटकणं? पुढे झेंडा घेतलेला गाइड आणि मागे मेंढरांसारखे सगळे.

“माझे गुडघे दुखतात हो,” दुसऱ्या दिवशी तिनं नवा मुद्दा काढला. “बसच्या त्या उंच पायऱ्या...”

“पुढचीच सीट सांगितलीय तुझ्यासाठी. हात धरून चढवतील.”

“कोण चढवणार?”

“असतात माणसं.” ते पेपरात शिरले.

“आयुष्यभर तुमचंच ऐकत आले. एक दिवस माझ्या मनासारखं झालं तर काय बिघडेल?”

पेपर खाली आला नाही. “पेनांगला बसनंच जायचं. फुकेतला तू म्हणशील तसं. चलो, विषय संपला.”

पुन्हा तेच शब्द. कुमुदच्या डोळ्यांत पाणी आलं. ती पिशवी घेऊन भाजीच्या निमित्तानं बाहेर पडली आणि बाजाराच्या कोपऱ्यावरून तिनं गुणवंतला फोन लावला.

“ऐकतच नाहीत रे. बस म्हणजे बस. मी कशी येऊ तुझ्याकडे?”

तो म्हणाला, “आई, बाबा बस म्हणतायत ना? मग बसनंच ये.”

“अरे, पण मग भेटायचं कसं?”

“बघू ना. तू उगाच हट्ट नको करूस.”

“तुला नाही का वाटत, मी यावं?”

“वाटतं गं. पण बाबांच्या मनाविरुद्ध काही नको. आणि ऐक, मला कामावर जायचंय. सासऱ्यांचं दुकान सोडलं मी, दुसरीकडे लागलोय. नंतर बोलू यार, प्लीज.”

फोन बंद झाला. कुमुद तिथंच एका ओट्यावर बसली. बाप तर बाप, मुलानंही हात झटकले होते. इतक्या जवळून जायचं, त्याच गावच्या रस्त्यांवरून जायचं आणि काचेतून बाहेर बघत परत यायचं. तिच्या मनात कधी नव्हे तो राग उसळला. दोघांनी मिळून तिचं तोंड बंद केलं होतं. आता ती कुणालाच विचारणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी श्रीरंगराव ऑफिसला गेले तशी तिनं रिक्षा केली आणि कस्तुरबा गांधी मार्गावरचं ट्रॅव्हल एजंटचं ऑफिस गाठलं. नवऱ्याच्या मागे असं काही ती पहिल्यांदाच करत होती. ती काउंटरवरच्या मुलीसमोर जाऊन बसली.

“पेनांग की बस कॅन्सल करनी है,” ती म्हणाली. “प्रायव्हेट गाडी कर दीजिए. मिसेस कर्णिक.”

मुलीनं स्क्रीनवर पाहिलं, मग तिच्याकडे. “सर से पूछ लिया, मॅडम?”

“उन्होंने ही भेजा है.” खोटं बोलतानाही कुमुदची नजर हलली नाही.

“सर ने?” मुलीचा विश्वास बसेना. “मॅडम, एक बार और पूछ लीजिए. इस बस के लिए तो सर खुद आए थे. हमने दूसरी बस दी, वो ज्यादा आरामवाली थी, पर उन्होंने मना कर दिया.”

“उनकी तो आदत है. जिद्दी हैं.”

“नहीं मॅडम, जिद नहीं थी. हाथ जोडकर बैठे थे यहाँ. बोले, मेरी मिसेस को कुछ मत बताना, बस वही चाहिए जिसका गाइड गुणवंत कर्णिक हो.”