निघायची वेळ

आयलर्टची निळी गाडी आवाराच्या पार टोकाला, वाळीत टाकल्यासारखी एकटी उभी होती. ठोकर बसलेली बॅटरीची गाडी दोन दिवस अशीच लांब ठेवायची, ही गॅरेजची रीत. कधी पेट घेईल सांगता येत नाही. रात्रभर बर्फ पडला होता आणि छतावर, काचेवर त्याचा जाड थर बसला होता.

"रस्त्याकडेच्या त्या दूध ठेवायच्या ओट्यावर चाळीस वर्षांत कुणी कॅन ठेवला नाही," बोर्गनी म्हणाली. "तू सबंध गाडीच नेऊन ठेवलीस."

बोर्गनी गॅरेजची मालकीण. ती आणि आयलर्ट एका शाळेतले.

"घसरली," आयलर्ट म्हणाला.

"घसरेल नाहीतर काय! सीट एवढी पुढे घेऊन कुणी चालवतं का? गुडघे स्टिअरिंगला अडकत असतील तुझे. मागे सरकवायला काय धाड भरली होती?"



विमा कंपनीचा सर्व्हेअर, योस्टाइन, पुठ्ठ्यावर उताणा पडून गाडीखाली बघत होता. तो बाहेर आला आणि पाठीवरचा बर्फ झटकत उभा राहिला. वयाने तरुण होता. त्याला फ्योर्डच्या खाडीपलीकडे जाणारी बोट पकडायची होती.

"विचित्र आहे," तो म्हणाला. "यंत्र लावून बघितलं तर बॅटरी ठणठणीत. पण तिच्या पेटीला खालून पोचा आलाय. यंत्र म्हणतं चालेल, पोचा म्हणतो भरवसा नाही. आणि पोचा आलेली पेटी तशीच ठेवायला मी सही देणार नाही. तुमच्या घराला लागून उभी असते ना ही?"

"खिडकीखाली."

"मग बॅटरी बदलायची. पण ती बदलली की खर्च गाडीच्या किमतीच्या अगदी हद्दीवर जातो. थोडा अलीकडे धरला तर दुरुस्ती, थोडा पलीकडे धरला तर भंगार. अशा वेळी मी मालकाला विचारतो. तुम्हाला काय हवंय?"

आयलर्टने गाडीकडे बघितलं, मग बोर्गनीकडे.

"दुरुस्त करा," तो म्हणाला.

"छान."

"म्हणजे ती होती तशीच राहील ना?"

"त्याहून चांगली! बॅटरीबरोबर तिचा मेंदू, म्हणजे आतला कॉम्प्युटरही नवा येईल. त्यात साठवलेलं जुनं काहीसुद्धा उरणार नाही."

आयलर्टने टोपी काढली आणि पुन्हा घातली.

"मग नको."

"मग भंगार लिहू?"

"नको."

"आयलर्ट, अरे दोन्हीला नको कसं म्हणतोस?" बोर्गनी म्हणाली. "दुकानात वांगं घेताना तरी असं करतोस का? एक काय ते सांग. पोराची बोट सुटेल."

"सांगतो," आयलर्ट म्हणाला.

तेवढ्यात गाडीच्या पोटात काहीतरी घरघरलं. दिवे एकदा लागून विझले. पुढच्या भागातून वाफ निघायला लागली.

"मागे व्हा!" योस्टाइन ओरडला आणि आयलर्टचा दंड धरून त्याला ओढू लागला. "पेटतेय! बोर्गनी, पाणी!"

बोर्गनी पाण्याच्या नळीकडे धावली. आयलर्टने दंड सोडवून घेतला.

"पेटत नाहीये. गरम होतेय."

"का गरम होतेय? कुणी हात लावला तिला?"

"निघायची वेळ झाली ना तिची."

"कुणाची?"

नळी हातात घेऊन बोर्गनी थांबली. काचेवरच्या बर्फात खालच्या बाजूला एक काळी पट्टी उघडी पडली होती.

"गुनवोरची," तीच म्हणाली. आवाज खाली आला होता. "याची बायको. वृद्धाश्रमात स्वयंपाकाला होती, सकाळच्या पाळीला. निघायच्या आधी गाडी आपोआप गरम व्हावी म्हणून तिने वेळ लावून ठेवली असणार. सप्टेंबरात गेली ती."

योस्टाइनने हातमोजे काढले. ते कशाला काढले ते त्यालाही कळलं नसावं.

"आणि तेव्हापासून रोज?"

"शनिवार-रविवार सोडून," आयलर्ट म्हणाला.

"ते बंद करता येतं. फोनवरून अगदी—"

"माहीत आहे मला."

पंखा घरघरत होता. काचेवरचा बर्फ वरून सुटला आणि हळूहळू घसरून खाली आला.

"आयलर्ट," बोर्गनी म्हणाली, "बॅटरीची मुख्य जोड आता मला काढावी लागेल. यंत्र लावून बघायचं होतं म्हणून ठेवली होती. अशी चालू ठेवून चालणार नाही."

"आणि मी काय लिहू?" योस्टाइनने विचारलं. आता तो घड्याळाकडे बघत नव्हता.

आयलर्ट भिंतीशी गेला. तिथे टेकवलेला लांब दांड्याचा झाडू त्याने उचलला आणि गाडीजवळ येऊन छतावरचा बर्फ ओढून खाली पाडायला लागला. आधी एक बाजू, मग वळसा घालून दुसरी. चेपलेल्या दाराजवळ तो जरा जपून गेला.

"गाडी गरम झाली तरी छतावरचा बर्फ वितळत नाही," तो म्हणाला. "आणि तिचा हात पोचत नाही."

"आयलर्ट..." बोर्गनी म्हणाली.

"तिला आधी निघू दे. मग काय लिहायचं ते लिहा."

बोर्गनीने नळी खाली ठेवली. तिघं तिथेच उभे राहिले. काच पूर्ण मोकळी झाली, आणि तिच्यातून स्टिअरिंगला खेटून पुढे घेतलेली रिकामी सीट दिसू लागली. थोड्या वेळाने पंखा आपला आपण थांबला.

दार कुणीच उघडलं नाही.