पहिल्या पानावरची अट

तिसरं बोट मोडलं तेव्हा मृत्युंजय सरांच्या घशातून आवाजच फुटेना. सोलापुरातल्या निम्म्या कॉलेजांत ज्यांची गाइडं खपायची ते प्रकाशक उदयसिंह खुद्द सरांच्या खुर्चीत बसले होते, आणि त्यांचा माणूस लोखंडी गज घेऊन सरांच्या छातीवर गुडघा रोवून होता. कॉलेजला मिळालेल्या अनुदानातून सरांनी संख्याशास्त्राचं पुस्तक लिहिलं आणि नेटवर फुकट सोडलं, एवढाच त्यांचा गुन्हा.

“काढ ते नेटवरनं,” उदयसिंह म्हणाले.

“काढून काय उपयोग? पोरांनी कधीच उतरवून घेतलंय,” सर कसेबसे म्हणाले. “तुम्हीसुद्धा छापा की. विका. कुणाची परवानगी लागत नाही. पहिल्या पानावरच लिहिलंय.”

तीस वर्षं पुस्तकं विकणाऱ्या उदयसिंहांनी पहिलं पान म्हणून कधी वाचलं नव्हतं. आता मोबाइलवर दोनदा वाचलं. मग उठले, सरांना काखेत हात घालून खुर्चीत बसवलं आणि ओठावरचं रक्त स्वतःच्या रुमालानं पुसलं.

“आदी सांगायचं न्हाय व्हय, सर? उगं बोटं मोडून घेतली.”

सरांच्या जिवात जीव आला. “एकच अट आहे. लेखकाचं नाव द्यावं लागतं.”

“देऊ की. लई ठळक देऊ. अन् दुसरा भाग?”

“लिहितोय. तोही फुकटच.”

“म्हंजी आमची उरलेली गाइडंबी गेली,” उदयसिंहांनी रुमालाची घडी घातली. मग त्यांनी माणसाला दाराची कडी लावायची खूण केली.

“नावाच्या आदी ‘कैलासवासी’ लावलं तर चालतंय न्हवं?”